मांडावरची चाकं

आयुष्यभर काय केलंस, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, लोकांना वर चढवलं. नवऱ्याला चढवलं, नवरीला चढवलं, आमदारांना चढवलं आणि आमदार व्हायला निघालेल्यांना त्यांच्याही आधी चढवलं. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत मांडव, स्टेज, खुर्च्या आणि माईक पुरवायचा माझा धंदा. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून तो मुलाच्या हाती दिला आहे. त्याच्याकडे लोखंडी कमानी आहेत, भिंतीएवढे चकचकीत पडदे आहेत, आणि बापाचं ऐकायचं नाही हा नियम आहे. बाकी माझं झकास चाललं आहे. कोरगावात सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत येतो, मी त्याच्याकडून पोई घेतो, चहात बुडवून खातो, आणि रस्त्यावरून मांडवाचं सामान नेणारा टेम्पो दिसला की त्यातल्या फळ्यांना मनातल्या मनात नावं ठेवतो.

लोकांना वाटतं, मांडववाल्याची करामत वर असते. झालर, फुलं, दिवे. माणूस मांडवात शिरला की मान वर करून बघतो. मी खाली बघतो. जमीन कुठेच सपाट नसते हे या धंद्यातलं पहिलं ज्ञान, आणि ते पटायला फार वर्षं लागतात. लोखंडी घोडे मांडायचे, त्यावर फळ्या, फळ्यांवर काथ्याची चटई आणि सगळ्यांवर लाल गालिचा. घोड्याखाली कुठे वीट, कुठे लाकडाची चीप सारायची. मग फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवून आपण शेजारी पाय आपटायचा. पाणी सांडलं नाही तर स्टेज झाला. माझा जुना सोबती ईश्वर हा चंदगडकडचा. त्याला पेला लागायचा नाही. तो फळीवर उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "अण्णा, डाव्या अंगाला झोपतंय बघा." झोपलेलं असायचंच.

आणि माईक. माईकवाल्याला सगळं ऐकावं लागतं, उठून जाता येत नाही. त्यातून मला कळलेलं सांगतो. माईक हातात आला की माणसाला साधा शब्द सुचत नाही. घरी ज्याला 'ए बाबू' म्हणतात तो माईकवर 'आदरणीय' होतो. ज्याच्याकडे वर्षभर कुणी ढुंकून बघितलेलं नसतं तो 'प्रेरणास्थान' होतो. कार्यक्रम संपला, वायर गुंडाळली की तो पुन्हा बाबू.

मोरजीचं एक लग्न आठवतं. मुलाचे वडील म्हणजे नमुना. मला म्हणाले, "शेजाऱ्याच्या लग्नातल्यापेक्षा माझा स्टेज उंच दिसला पाहिजे." म्हटलं, दिसेल. दिसला. समुद्रावरच्या होड्यासुद्धा त्यावरून दिसत होत्या. फक्त नवऱ्याची आजी गुडघ्यांनी बेजार आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आशीर्वादाची वेळ आली, माईकवर तिचं नाव पुकारलं, आणि चार पुतण्यांनी तिला खुर्चीसकट उचललं. लोकांना काय, कौतुक. मोबाईल वर झाले. म्हातारीने डोळे गच्च मिटलेले आणि एका पुतण्याचे केस मुठीत धरलेले. त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं ते आजीच्या मायेने, असं फोटोग्राफरला वाटलं. खाली आल्यावर तिने मला बोलावलं.

"बाबल्या, स्टेज बरो केलंस. पण नातसूनच खाली हाडली असती तर माका तिचा तोंड बघूक मेळला असता."

तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला लागलो, घरात पायाने अधू, डोळ्याने अधू कोण आहे का. काय लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "आमच्याकडे तसं कोणी नाही," असं ताडकन उत्तर यायचं, जसं मी घरात चोर आहे का विचारलं. मग लग्नाच्या दिवशी आतल्या खोलीतून कुणाचा तरी मामा काठी टेकत बाहेर यायचा आणि पायऱ्यांखाली उभा राहून वर बघत राहायचा.

डिचोलीचे दत्ताराम मास्तर मात्र स्वतःच बोलायचे. पेटी वाजवायचे, जन्मापासून दिसत नव्हतं. भजनाचा कार्यक्रम असला की सगळ्यांच्या आधी यायचे, चपला काढून स्टेजभर हिंडायचे आणि मला म्हणायचे, "बाबल, माझी सीमा कुठे ती दाखव." मग मी गालिच्याखाली, कडेपासून हातभर आत, सुंभाची दोरी ठोकून द्यायचो. तिच्यावर पाय पडला की मास्तरांना कळायचं, पुढे खड्डा. वरून बघणाऱ्याला काही दिसायचं नाही. मला माझ्या धंद्यातली सगळ्यात सुबक गोष्ट कुठली विचाराल तर ती दोरी.

एकदा निवेदकाने सूर लावला, "डोळे नसूनही ज्यांनी सुरांची दृष्टी मिळवली असे..." मास्तर पेटीवरूनच म्हणाले, "डोळे आहेत हो. चालत नाहीत एवढंच." सगळा मांडव हसला. नंतर मी विचारलं, मास्तर, मग तुमच्याबद्दल सांगताना म्हणायचं तरी काय. ते म्हणाले, "मला आंधळा म्हणालास तरी चालतं, चांगला जुना शब्द आहे. पण ते माझ्यापुरतं. दुसऱ्या कुणाला म्हणायच्या आधी त्याला विचार. आणि माझ्यासमोर माझ्याच बायकोला 'हे चहा घेतात का?' असं विचारू नको, मला ऐकू येतं." मी मान डोलावली. मग लक्षात आलं की ती त्यांना दिसत नाही, म्हणून मोठ्याने "होय" म्हटलं.

मास्तरांचं हे बोलणं मला खऱ्या अर्थाने उपयोगी पडलं ते आमच्याच वाड्यावर, रेखाच्या वेळी.

रेखा म्हणजे माझ्या शेजारच्या सुधाकरची बायको. माहेर डिचोलीकडचं. लग्न होऊन आली आणि पहिल्याच पौषात आमच्या वाड्यावरच्या बायकांना कळून चुकलं की आजवर आपण गात होतो ते गाणं नव्हतं, गलका होता. ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पौषात आमच्या बायका धालो खेळतात. समोरासमोर दोन ओळी करायच्या, एकमेकींच्या कमरेला हात घालायचा, झुकत पुढे यायचं, झुकत मागे जायचं. एका ओळीने गाण्याचा चरण द्यायचा, दुसरीने उचलायचा. हे खेळायची जागा ठरलेली, तिला मांड म्हणतात. उघड्यावरची शेणाने सारवलेली माती आणि एका अंगाला तुळस. ती देवाची जागा. कडेला चपला काढायच्या, पायावर पाणी घ्यायचं आणि मगच आत जायचं. पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही. तिथे मांडव नाही, स्टेज नाही, माईक नाही. माझ्या धंद्याच्या दृष्टीने अगदी फुकट गेलेली जागा. कडेच्या माडाला दिवा बांधून देणं एवढंच माझं काम.

रेखा मांडावर उभी राहिली की पहिला चरण तिचा. आवाज गोड वगैरे नव्हे, खणखणीत. वाऱ्यावर खालच्या शेतापर्यंत जायचा. तिला गाणी किती येतात याचा थांग कुणाला लागला नाही.

मग एकदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतताना सुधाकरची स्कूटर घसरली. त्याला खरचटलं. रेखा मागे बसलेली, तिच्या पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. हॉस्पिटलातून ती घरी आली ती चाकांच्या खुर्चीत. दोन पौष तिने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. गाणं तर सोडाच, सुधाकर सांगायचा, घरात रेडिओ लावू देत नाही. आणि इकडे मांडावर तिच्या ओळीतल्या पोरी चरण विसरायच्या, एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या आणि हसत सुटायच्या.

वाड्याला मात्र शब्दांची चिंता. बायकांचं मंडळ आहे, त्याच्या चिटणीस प्रतिभा मॅडम. प्राथमिक शाळेत शिकवतात, मनाने अतिशय चांगल्या, आणि उत्साह असा की एखादं काम नसलं तर त्या तयार करतात. मंडळाच्या मोबाईल ग्रुपवर कुणी रेखाला 'बिचारी' लिहिलं की मॅडमचा संदेश यायचा, 'दिव्यांग भगिनी असे लिहावे'. दुसऱ्या बाजूला जनाकाकी. मांड सांभाळण्याचा मान पिढ्यान् पिढ्या तिच्या घराकडे. तिचा शब्द मांडावर शेवटचा. ती सरळ म्हणायची, "पांगळ्येक पेज दिवन येतंय." आणि रोज दुपारी जायची. तासभर बसायची, उकडे तांदूळ निवडत, रेखाच्या शेजारी. मॅडम ते ऐकून कानावर हात ठेवायच्या. रेखालाही तो शब्द आवडायचा नाही, तिने दोनदा सांगून बघितलं होतं. पण काकीचे कान तिच्या सोयीने बंद व्हायचे.

मार्गशीर्षात मंडळाचा वाढदिवस आला. आमच्याकडे कुणाबद्दल काही वाटलं आणि काय करावं सुचलं नाही की सत्कार करतात. शाल, श्रीफळ, फुलांची परडी. मॅडमनी ठरवलं, रेखाचा सत्कार. सुधाकरने हो म्हटलं. रेखाला सांगितलं ते एवढंच, की कार्यक्रम आहे, बायकांची गाणी आहेत, ये. ती तयार झाली. दोन वर्षांनी हिरवी साडी नेसली, अबोलीचा गजरा माळला. सुधाकरचा जीव भांड्यात पडला. तो मला म्हणाला, "बाबलभाई, काल घरात गुणगुणत होती."

स्टेज माझाच. पायऱ्या माझ्याच. मॅडमनी माईक घेतला. "नियतीवर मात करणाऱ्या, खचून न जाणाऱ्या, आपल्या वाड्याच्या दिव्यांग भगिनी..." आणि मला मोरजीची म्हातारी आठवेपर्यंत चार जणांनी खुर्ची उचललीसुद्धा. एक बाजू कलली. रेखाचा एक पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पाटीवरून घसरून लोंबायला लागला, निरी सुटायला आली, ती दोन्ही हातांनी साडी धरते आहे आणि समोर टाळ्यांचा कडकडाट. वर नेऊन ठेवली. शाल पांघरली, नारळ मांडीवर दिला. मग दोन शब्द बोला म्हणून माईक पुढे केला.

तिने माईककडे बघितलं, मग समोरच्या बायकांकडे. लोकांना वाटलं, गहिवरली.

"मला वाटलं, गाण्यासाठी बोलावलंत," ती म्हणाली. "सत्कार कशाबद्दल केला ते मला कळलं नाही. मला खाली घ्या. आणि उचलू नका."

माझ्या माईकमधून इतकी शांतता कधी बाहेर पडली नव्हती.

चौघे पुन्हा खुर्चीकडे सरकले तसा मी ईश्वरला डोळा घातला. आम्ही मागच्या अंगाच्या लांब फळ्या उपसल्या, स्टेजच्या कडेला टेकवल्या, खाली घोडा आडवा घालून उतार केला. उभा होता तो उतार, चांगला नव्हता. ईश्वर खुर्चीला मागून धरून उलट्या पावलांनी उतरायला लागला आणि मी पुढे. "वैनी, मागं रेला," तो सांगत होता, "म्या हाय." रेखा उतरली. खाली जमिनीवर चाक टेकल्यावर तिने मांडीवरचा नारळ माझ्या हातात दिला.

"बाबलभाई, एवढे स्टेज घातलात. वर न्यायला चार माणसं लागतात असा स्टेज कशाला घालता हो?"

मी म्हटलं, "तू सांग, काय करू?"

"पौषात मला मांडावर जायचं आहे. तेवढी वाट करून द्या."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. चीड होती, आणि मला ती ऐकून बरं वाटलं. दोन वर्षांत तिने काहीतरी मागितलं होतं.

आता तुम्हाला वाटेल, झालं, फळ्या टाकल्या, वाट केली. तसं नव्हतं. आमच्याकडे खरी अडचण जमिनीवर नव्हती. ती काकीच्या सोप्यावर होती.

बैठक तिथेच भरली, दुपारची. सोप्यावर बायका, खाली अंगणात रेखाची खुर्ची, आणि मी दिव्याच्या वायरीचं विचारायला आल्याच्या निमित्ताने पायरीवर. कुणीतरी रेखाच्या खुर्चीचा, आमच्या बोलीत कदेलीचा, विषय काढला आणि काकीने तांदळातून मान वर न करता निकाल दिला.

"तिका येवंदी. पण ती कदेल मांडार येवची नाय. चाकां रस्त्यावयल्यान येतत. गोरवांचा शेण, लोकांची थुंकी, सगळा लागता तेंका. चपल कडेक काडतत मां? मगे चाकां कशी भितर घेतलंय?"

गंमत बघा. कुणालाही तो मुद्दा वाईट वाटला नाही. सगळ्या विचारात पडल्या. चपला चालत नाहीत तर चाकं कशी चालतील, हा प्रश्न आमच्या वाड्यावर खरोखरचा प्रश्न होता. एकीने सुचवलं, चाकांना कापडी पिशव्या घालू. दुसरी म्हणाली, खुर्ची कडेला ठेवू, ती तिथूनच गाईल. तिसरी म्हणाली, दोघी-तिघींनी मिळून तिला उचलून तुळशीपाशी बसवू. उचलायचं नाव काढताच रेखाने डोळे मिटले.

प्रतिभा मॅडम उठल्या. "काकी, त्या दिव्यांग आहेत. त्यांच्यासाठी नियमातून सवलत द्यायला हवी. देव समजून घेतो."

"देव घेयत समजून. मांड मी सांबाळतंय," काकी म्हणाली.

"मला सवलत नको," रेखा खालून म्हणाली. मॅडमकडे बघून, चांगल्या सुरात. "मॅडम, तुम्ही माझ्या बाजूने बोलता, मला ठाऊक आहे. पण तुम्ही दिव्यांग म्हणून वर नेता आणि काकी पांगळी म्हणून बाहेर ठेवते. मी मधल्यामध्ये कुठेच नाही. मला रेखा म्हणा ना. तुम्ही मला चरण द्यायला लावत होतात तेव्हा काय म्हणत होतात?"

मॅडम खाली बसल्या. रागावल्या नाहीत, खरंच विचार करत बसल्या. हे त्यांचं मला आवडतं.

मग रेखा काकीकडे वळली. "काकी, ही कदेल न्हय. हे माझे पाय."

"पाय ते पाय, चाकां ती चाकां," काकी म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

बैठक मोडली. घरी जाताना मी रेखाच्या खुर्चीबरोबर चाललो.  तिच्या फाटकापाशी मी म्हटलं, "मी वाट करायला घेतो."

"कुणासाठी? काकी नाही म्हणाली."

"काकी नाही म्हणाली ते मांडाबद्दल. वाट मांडाच्या बाहेर आहे. ती माझी."

खरं सांगतो, आयुष्यात मी इतकं मन लावून काम केलं नाही. मांड रस्त्यापासून खाली आहे, मध्ये चिऱ्याच्या पायऱ्या. ईश्वरला बोलावून घेतलं. आम्ही पायऱ्यांच्या बाजूने लांब, सावकाश उतार घातला, घाटातल्या रस्त्यासारखा एक वळण देऊन, कारण सरळ घातला असता तर पुन्हा सत्काराच्या दिवसासारखी गत. फळ्यांवर काथ्याची चटई घट्ट ताणून ठोकली, चाक घसरू नये म्हणून. पेला भरून वळणावर ठेवला. मग मी सुधाकरच्या घरून रिकामी खुर्ची आणवली आणि स्वतः बसून खाली-वर केलं. ईश्वर पोट धरून हसला. "अण्णा, आता वरात काढू काय?" पण त्या खुर्चीत बसून मला एक कळलं. वळणावर मी मान खाली घालून चाक फिरवत होतो तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाने मला विचारलं नाही, त्याने ईश्वरला विचारलं, "बाबलाक काय झालां?"

एक अडचण उरली. मांडाला तुळशीच्या अंगाला किंचित उतार आहे, पाणी वाहून जावं म्हणून. खुर्ची तिकडे घरंगळणार. मांडावर खिळा ठोकायचा नाही, खणायचं नाही, आणि मी आत जाऊही शकत नाही. फणसाच्या लाकडाच्या दोन पाचरी तासून घेतल्या, चाकाखाली सारता येतील अशा, आणि रेखाच्या हाती दिल्या. तिने त्या हातात फिरवून बघितल्या. "कडा घासा," म्हणाली, "सारवण उकरेल." बरोबर होतं. घासल्या.

काकी रोज तिथून जायची. उताराकडे बघायची, चटई पायाने दाबून बघायची, बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "माज्या गुडग्यांकय हीच वाट बरी." पण सारवण तिने त्या वर्षी दोन दिवस आधी घातलं. असं का, विचारलं तर म्हणाली, ऊन बरं आहे. सारवण जितकं सुकतं तितकं कडक होतं, हे ती मला सांगणार होती थोडीच.

धालो सुरू व्हायच्या दिवशी दिवेलागणीला मी माडाला दिवा बांधून बाहेर उभा राहिलो. बायका जमल्या. तुळशीपाशी समई लागली. एकेक जण कडेला चपला काढायची आणि काकी कळशीतलं पाणी तिच्या पायांवर ओतायची, मग ती आत. वरून रेखा आली. सुधाकर उताराच्या तोंडाशी थांबला. ती एकटीच, चाकं हाताने धरत, वळण घेत, खाली उतरली आणि मांडाच्या कडेला येऊन थांबली. चपला तिने घातल्याच नव्हत्या, तरी ती तिथे थांबली, सगळ्या थांबतात तशी.

 आत दोन ओळी अर्ध्या लागलेल्या. काकी कळशी घेऊन तिच्यासमोर उभी.  आत्ता काकी वळली, तर ही बाई पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाही हे मला दिसत होतं, सुधाकरला दिसत होतं, आणि मला वाटतं काकीलाही दिसत होतं.

"तुजे पाय मां हे?" काकीने विचारलं.

"होय."

"मगे धुये सगळ्यांसारके."

काकी खाली वाकली, कण्हत वाकली, आणि एका चाकावर पाणी ओतलं. चाक हाताने फिरवलं, पुन्हा ओतलं, सगळीकडून. मग दुसरं. मग पुढची दोन बारकी. मग पाटीवरच्या रेखाच्या पायांवरही ओतलं. पदराच्या टोकाने चाकांचं पाणी टिपलं, सारवण ओलं होऊ नये म्हणून. कळशी रिकामी झाली.

"चल गो रेखा," ती म्हणाली, "ओळीत हो. हीं चेडवां दोन वर्सां नुसती आराडतत."

रेखा आत गेली. आपल्या जागी, ओळीच्या टोकाला. एवढा वेळ तिने डोळ्यांत थोपवून धरलेलं सगळं आता गालावर आलं आणि तिने ते पुसलं नाही. प्रतिभा मॅडम तिच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी एक हात रेखाच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्याने खुर्चीची मूठ धरली, ओळ पुढे झुकेल तेव्हा ढकलायला. रेखाने त्यांच्या हातावर चापट मारली.

"मॅडम, सोडा. माझे पाय मी हलवते."

हसू फुटलं आणि त्या हशातच तिने पहिला चरण दिला. तोच आवाज, खणखणीत, खालच्या शेतापर्यंत जाणारा. क्षणभर समोरची ओळ उचलायचीच विसरली. मग उचलला. ओळ पुढे झुकली, चाकं पुढे गेली; ओळ मागे सरली, चाकं मागे आली. मी आणि सुधाकर रस्त्याच्या कडेला उभे होतो. तो ढसाढसा रडत होता. मीही फार वेगळं करत नव्हतो.

त्याला आता काही वर्षं झाली. उतार लाकडाचा होता तो पंचायतीने चिऱ्याचा बांधून दिला, वळण मात्र माझंच ठेवलं, हे मी येईल-जाईल त्याला दाखवतो. त्याचा उपयोग रेखापेक्षा जास्त काकीला, बाळंतिणींना आणि पाण्याची भांडी आणणाऱ्यांना होतो. माझ्या मुलाच्या स्टेजला एका बाजूने उतार असतो. तेवढं त्याने बापाचं ऐकलं. मॅडम ग्रुपवर अजून शब्द दुरुस्त करतात, पण आधी त्या माणसाला फोन करून विचारतात.

गेल्या पौषात मांडाच्या कडेला नेहमीच्या कळशीशेजारी एक भरलेली बादली ठेवलेली होती. वाड्यावर नवीन लग्न होऊन आलेल्या एका मुलीने काकीला विचारलं, ही बादली कशाला?

"तां रेखाचे पाय धुवचा पाणी," काकी म्हणाली. "तिचे पाय मोठे आसत, कळशी पुरणा नाय. हात लावू नको."

मुलीने रेखाला अजून पाहिलं नव्हतं. बादलीला धक्का लागणार नाही अशा बेताने तिने बाजूला चपला काढल्या.